घरचा काटा

त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात बायको त्याच्या मागून गेली आणि त्याला ते कळलंच नाही. ओटा आणि फ्रीज यांच्यामधली ती चिंचोळी जागा त्यांच्या संसाराइतकी जुनी होती. एकजण ओट्याशी उभा असला की दुसऱ्यानं पोट आत ओढून, आडवं होऊन, "सरका हो जरा" म्हणत जायचं, आणि कितीही ओढलं तरी पाठीला पोट आणि खांद्याला खांदा घासायचाच. अबोला धरलेला असला तरी ती जागा दोघांना घासायला लावायची, आणि किती भांडणं तिथेच, फ्रीजच्या दाराशी, कुणाला तरी आधी हसू फुटून संपली होती. आज तो उकडलेलं अंडं सोलत होता. मान वळवली तर बायको पलीकडे खिडकीशी उभी राहून ग्लासात पाणी ओतत होती. आत्ता तर ती दाराशी होती. "तू कधी गेलीस?" त्यानं विचारलं. "आत्ताच की. तुमच्या मागूनच." "सरका म्हणाली नाहीस ते." "आता कशाला सरकायला लागतंय!" ती म्हणाली आणि पाणी प्यायली. बोलताना तिच्या मनात काहीच नव्हतं, हेच त्याला लागलं. त्यानं पाठीवरून हात फिरवला. सदरा कोरडा होता, चुरगळलेला नव्हता. आपल्या मागून वारा गेला असता तरी कळला असता, असं त्याला वाटलं.

अंड्याचं पांढरं त्याच्या वाट्याचं होतं, पिवळं नाही. पूर्वी पिवळं बायकोला आवडायचं म्हणून तो ते तिच्या बशीत टाकायचा, तेव्हा त्यात त्याग वगैरे काही नव्हता, कारण त्याच्या बशीत अजून तीन अंडी असायची. "पिवळं घेतेस?" "नको हो. बघूनच कसंतरी होतं." ते म्हणताना तिनं नाक जरासं मुरडलं. त्याला ते नाक मुरडणं हवं होतं. कसंही करून, देवा, एकदा मलाही ते बघूनच कसंतरी होऊ दे. त्यानं पिवळ्याकडे पाहिलं. ते गोल होतं, भुसभुशीत होतं, बोटानं दाबलं असतं तर फुटलं असतं, आणि त्याच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं, एखाद्या अडाणी जनावराच्या तोंडाला सुटावं तसं. त्यानं ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं. बायको म्हणाली, "केवढी जिद्द आहे बाई तुमची."

जिद्द. हा शब्द त्याच्या वाट्याला डॉक्टरांच्या खोलीत आला. तिघं एकाच दिवशी गेले होते, तो, बायको आणि दादा. तिघांच्या रक्तात साखर वाढायला लागली होती आणि तिघांनी मिळून काहीतरी करायचं ठरवलं होतं. डॉक्टरांच्या खुर्च्यांना हात होते. दादा उठला तेव्हा खुर्चीही त्याच्याबरोबर उठली, आणि दादा ती मागे लावून खोलीभर फिरला, "डॉक्टर, ही घरी नेऊ का? माझ्यावर जीव जडलाय हिचा." डॉक्टर हसले, बायको डोळे पुसेपर्यंत हसली. लहानपणी शाळेतली मुलं दोघा भावांना थोरलं पिंप आणि धाकटं पिंप म्हणायची. थोरल्या पिंपाला त्याचं काही वाटत नसे. तोच पुढे होऊन मधल्या सुट्टीत दोघांची पोटं एकमेकांवर आपटून दाखवायचा. धाकटं पिंप हसायचं आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायचं. तर डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन सांगितलं. भूक मरते, वजन उतरतं. दादाला दिलं, बायकोला दिलं, मग त्याचे जुने कागद चाळत म्हणाले, "तुमच्या स्वादुपिंडाला एकदा सूज आली होती ना? मग तुम्हाला हे नको. तुम्ही आपलं जुन्या पद्धतीनं करा." "जुनी पद्धत म्हणजे कुठली?" दादानं विचारलं. "कमी खाणं," डॉक्टर म्हणाले. दादा इतका हसला की पुन्हा खुर्चीत बसला. परत येताना रस्त्यात त्यानं पाठीवर थाप मारली. "तुझं खरं, पिंपा. आमचं काय, सुई टोचली की झालं. खरी जिद्द तुझी."

वजनाचा त्याला तेवढा हेवा वाटत नव्हता. वजन काय, त्याचंही उतरत होतं, मुंगीच्या पावलानं का होईना. हेवा वाटत होता त्यांच्या शांततेचा. जेवायला बसल्यावर दादा दोन घास खायचा आणि ताट पुढे ढकलून बोलायला लागायचा, कामाचं, हवेचं, जगाचं. ताटात अर्धा पाव, बटाटे, लोणी तसंच पडलेलं, आणि दादाची नजर त्यावरून अशी जायची जशी माणसाची नजर भिंतीवरून जाते. हा तोच दादा, ज्यानं लहानपणी त्याच्या वाढदिवसाचा केक उंदरानं खाल्ला असं सांगून सगळा संपवला होता आणि मग उंदीर शोधायला त्याच्याबरोबर पलंगाखाली शिरला होता. "खा की थोडं," तो म्हणायचा. "अरे, आठवतच नाही रे! काल तर जेवायचंच विसरलो. तू कधी विसरलायस जेवायला?" दादा मोठ्यानं हसायचा. नाही, तो कधीच विसरला नव्हता. त्याला झोपेतसुद्धा आठवत असे. भूक त्याच्याबरोबर उठायची, त्याच्याबरोबर चपला घालायची, त्याच्याबरोबर कामावर यायची, दुपारी काकडीचे काप आणि पातळ सूप खाऊन तो उठला की हीही उठायची, तितकीच ताजी. त्याला वाटायचं, हे दोघे चढ चढून गेलेले नाहीत. त्यांच्यापुढचा चढच कुणीतरी काढून नेलाय. आणि वर बसून ते मला हाक मारतायत, शाबास, ये, ये. आणि रात्री अंथरुणावर तो हात जोडायचा. आधी तो म्हणत असे, देवा, माझं थोडं लवकर उतरू दे. पुढे पुढे मागणं कधी बदललं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. देवा, त्यांचं थोडं थांबू दे.

त्याचं काम काटे दुरुस्त करण्याचं. वाण्यांचे, सोनारांचे, दवाखान्यांचे, गोदामातले माणूस उभा राहील एवढे मोठे. दुकान लहान होतं, पण आत शिरलं की सगळीकडे दांड्या, पारडी, तबकड्या, आणि कपाटात मखमलीच्या खाचांत पितळी प्रमाण वजनं, उतरत्या क्रमानं. ती उघड्या हातानं उचलायची नाहीत. हाताचा घाम, बोटांचा तेलकटपणा लागला की वजनं जड होतात. एका माणसाच्या आयुष्यात नाही कळत, पण होतात. तो ती मऊ कातड्याच्या तुकड्यात धरून उचलायचा, लहान बाळाचं डोकं धरावं तसं. खोटे काटे त्याच्याकडे पुष्कळ येत. काही झिजून खोटे झालेले, काही मुद्दाम केलेले. मुद्दाम केलेला काटा तो चटकन ओळखायचा आणि आणणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता तो खरा करून द्यायचा. "काय हो, बिघडला होता का?" काटा आणणारा वरवर विचारायचा. "बिघडला होता," तो म्हणायचा. माणसांना लाज वाटू नये एवढं तो बघायचा. देवभोळा माणूस होता, आणि आपल्या हातून जगात थोडं खरं वाढतं असं त्याला मनातून वाटायचं. ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला सोडून.

त्या दिवशी दुकानात त्याचं लक्ष नव्हतं. पाठ जिथे घासली गेली नव्हती तिथे त्याला सारखं काहीतरी जाणवत होतं. त्यानं स्वतःला मोठ्या काट्यावर उभं केलं, रोजच्यासारखं. कालच्याएवढंच. परवाच्याएवढंच. मग तो स्टुलावर बसला आणि त्याला का कोण जाणे, लहानपणी वडील दोघा भावांना घेऊन जायचे त्या प्रार्थनेच्या सभागृहाची आठवण झाली. तिथे एक म्हातारा गाऊन उपदेश करायचा. एक ओळ म्हणायचा, थांबायचा, आणि तो थांबला की सगळं सभागृह श्वास धरायचं. एकदा त्यानं शेजाऱ्याच्या ताटात डोकावणाऱ्या माणसाची नक्कल केली होती. मान लांब, डोळे तिरपे, स्वतःचा हात स्वतःच्या ताटात चाचपडतोय आणि घास नाकात जातोय. लोक गडाबडा लोळले. सगळ्यांत मोठ्यानं तो हसला होता, दादापेक्षाही. म्हाताऱ्यानं गाणं थांबवून त्याच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "हा बघा, याचं मन किती स्वच्छ आहे." वडिलांनी घरी जाताना त्याला खांद्यावर घेतलं होतं, एवढ्या वजनाचा असूनही.

घरी न्हाणीघराबाहेरच्या बोळात एक काटा होता. बंद पडलेल्या एका दवाखान्यातून त्यानं तो आणला होता. जुना, उभा, लोखंडी. पायाखाली फळी, छातीपाशी दांडी, आणि दांडीवर सरकवायचं एक वजन. माणूस उभा राहिला की ते वजन सरकवत न्यायचं. दांडी सरळ झाली की ते जिथे असेल तो आकडा. बायको लग्नानंतर पहिल्यांदा त्यावर उभी राहिली तेव्हा म्हणाली होती, "हा खोटं बोलत असेल." तो म्हणाला होता, "या घरातला हा एकच आहे जो बोलणार नाही." त्या सरकत्या वजनाच्या पोटात पोकळी असते आणि पोकळीत शिशाचे बारीक मणी, त्यावर एक स्क्रू. काटा खरा करायचा तर मणी घालायचे किंवा काढायचे. एक काढला की ते वजन हलकं होतं, त्याला दांडीवर जास्त पुढे जावं लागतं, आणि उभा राहिलेला माणूस आहे त्याहून भारी दिसतो. मग मागची चकती थोडी फिरवायची की रिकामी दांडी पुन्हा सरळ. बघणाऱ्याला काही दिसत नाही. वाण्यांच्या काट्यांत त्यानं हे कितीदा तरी उलटं करून दुरुस्त केलं होतं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको बाजारात गेली होती. तो बोळात उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला आपण काही करतोय असं वाटलंच नाही. हात कामाचे होते, कामाला लागले. स्क्रू निघाला, तळहातावर दोन मणी आले, राखाडी, तीळभर. चकती अर्धा फेरा. दांडी हलली, डुलली, थांबली, सरळ. त्यानं मणी काडेपेटीत टाकले आणि पेटी हत्यारांच्या खणात मागे सारली. मग हात धुतले, साबण लावून, दोनदा.

रविवारी बायको काट्यावर उभी राहिली. वजन सरकवलं, आणखी सरकवलं. "अय्या! उतरलंच नाही की." "होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "अंगात पाणी साठतं." आणि त्याला तिच्याबद्दल असं भरून आलं की तो स्वतःच दचकला. कित्येक महिन्यांत आलं नव्हतं तसं. तिच्या कपाळावर पडलेली आठी, खालचा ओठ दातात धरणं, मूल परीक्षेत नापास होऊन दारात उभं राहावं तशी ती. त्याला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्यानं घेतलं. "हिरमुसतेस काय वेडे. मला बघ. माझं कुठे उतरतंय?" ती त्याच्या खांद्यावर म्हणाली, "तुम्हाला कसं वाटत असेल, याची आता मला कल्पना येते." हे वाक्य ऐकायला त्याचा जीव किती आसुसला होता! ते त्यानं दिवसभर तोंडात घोळवलं, खडीसाखरेसारखं. त्या दिवशी त्याला भूकही कमी लागली.

म्हणून पुढच्या आठवड्यात आणखी एक मणी. नंतर आणखी. तिचं जेवढं उतरायचं तेवढं तो तिला परत द्यायचा, इतक्या नेमकेपणानं की त्याच्या हातांना त्याचा अभिमान वाटत असावा. अंदाजे काही नव्हतं. ती रात्री कूस बदलायची, तेव्हा गादी किती दबते त्यावरून तो हिशेब करायचा. आणि दर रविवारी तो तिचं सांत्वन करायचा, तिला मध घातलेलं गरम पाणी आणून द्यायचा, तिचे पाय चेपायचा. घरात कितीतरी दिवसांनी गोडवा आला होता. बायको आरशासमोर उभी राहून झग्याचा घेर मुठीत धरायची. "अहो, कपडे तर सैल होतायत. हा बघा, केवढा राहतोय." "धुऊन धुऊन कापड सैल पडतं." "पण अंगठीसुद्धा फिरते." "थंडीनं." ती थोडा वेळ अंगठी फिरवत राहायची आणि मग म्हणायची, "असेल. काटा कशाला खोटं बोलेल." दुसऱ्या कुठल्या घरातल्या बाईनं कपड्यांवर विश्वास ठेवला असता, अंगठीवर ठेवला असता, शेजारणीच्या तोंडावर ठेवला असता. ही काटेवाल्याची बायको होती. वीस वर्षं त्यानंच तिला शिकवलं होतं की डोळे फसतात, हात फसतात, माणसं फसतात, आणि काट्याला कुणाशी काही देणंघेणं नसतं.

दादावर मात्र त्याचा इलाज चालला नाही. दादा रविवारी यायचा, काट्यावर चढायचा, आकडा बघायचा, "अडला वाटतं गाढव," म्हणायचा आणि उतरायचा. "तुला काही वाटत नाही?" "कशाचं रे? मी पट्ट्याच्या भोकांवरून बघतो. हे बघ, इथून इथं आलो. नवीन भोक पाडलं परवा खिळ्यानं." आणि पोटावर हात मारायचा, आवाज पूर्वीसारखा घुमायचा नाही. एकदा निघताना दाराशी तो थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "ती मनाला फार लावून घेते बरं का वजनाचं. हसव जरा तिला. तू लहानपणी किती हसायचास." तो म्हणाला, "हो." दादा पायऱ्या उतरून गेला, कठड्याला न धरता. त्या उतरण्याचा आवाज ऐकत तो उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं की या माणसाचा आपल्याला खरं तर हेवा वाटला तो आत्ता नाही, तेव्हाच वाटला होता, पोटं आपटायच्या वेळी. जाड असणंही याला सोपं गेलं आणि बारीक होणंही.

मग दवाखान्यातून फोन आला. ठरल्याप्रमाणे दर महिन्याला परिचारिका फोन करून वजन विचारायची आणि त्यावर डॉक्टर डोस ठरवायचे. बायको बोळातच फोन घेऊन उभी होती, तो स्वयंपाकघरात काकडी चिरत होता, सगळं ऐकू येत होतं. "नाही ना, तसंच आहे. मागच्या महिन्याएवढंच. जेवण? जेवण तर जातच नाही हो. काटा? घरचाच." मग ती हसली, आणि त्या हसण्यात काय नव्हतं! "अहो, माझे मिस्टर काटे दुरुस्त करतात. तुमच्या दवाखान्यातला काटाही त्यांच्याच हाताखालून गेला असेल. आमच्या काट्याचं काही बघायला नको." सुरी थांबली नाही. काप पातळ पडत होते, एकसारखे, उजेडाला धरले तर आरपार दिसतील असे. आत्ता बाहेर जाऊन म्हणता येईल, असं त्याला वाटलं. "थांब, मी एकदा तपासतो" एवढंच म्हटलं तरी पुरेल. तो ते मनात म्हणून बघत होता, वेगवेगळ्या सुरात, सहज, आळसटलेल्या आवाजात. तेवढ्यात बायको आत आली. "डोस वाढवलाय. डॉक्टर म्हणतात, अडलं असेल तर वाढवायला हवा. आता बघा कसं उतरतं." काकडी संपली होती. सुरी फळीवर दोनदा रिकामीच आपटली.

वाढलेल्या डोसाच्या दुसऱ्या दिवसापासून तिला उलट्या सुरू झाल्या. आधी सकाळी, मग केव्हाही. तो तिची पाठ चोळायचा, कपाळ धरायचा, तांब्या धरायचा. पाठीचे मणके हाताला लागत होते. घाबरून त्यानं शनिवारी काडेपेटी काढली आणि निम्मे मणी परत घातले, म्हणजे निदान आकडा खाली येईल, ती समाधानी होईल, डोस थांबवा म्हणेल. रविवारी ती भिंतीला धरून काट्यावर चढली. वजन सरकवता सरकवता तिचं तोंड उजळलं. "अहो! बघा! एका आठवड्यात एवढं!" ती खाली उतरली, फळीवरच बसली, आणि हसत हसत रडली. "उलट्यांचं चीज झालं बाई." तिनं स्वतःहून दवाखान्यात फोन केला. लागू पडलंय, म्हणाली. थोडं मळमळतं, पण चालेल, सोसेन मी. आता नका कमी करू. तो बोळाच्या भिंतीला टेकला. मणी काढले तेव्हा डोस कमी पडला असं ठरलं. मणी घातले तेव्हा डोस लागू पडला असं ठरलं. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांच्या काट्यांचं खरंखोटं केलं, त्याच्या हातात आता कुठल्याही बाजूला फिरवायला जागा उरली नव्हती. उरलेले मणी घालायचा धीर त्याला झाला नाही. काढायचाही झाला नाही. देवाकडे मागणंही त्यानं सोडलं, काय मागणार? मागितलेलं सगळं मिळालं होतं. त्या आठवड्यातलं इंजेक्शन बायकोनं स्वतःच टोचून घेतलं, पोटावर, दात आवळून. "जिद्द काय तुमच्यातच आहे होय?" ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात खाली बसली ती उठलीच नाही. शुद्ध होती, पण ओठ चिकटले होते आणि पाण्याचा घोटही ठरत नव्हता. दवाखान्यात तिला खुर्चीच्या काट्यावर बसवलं. परिचारिकेनं आकडा वाचला, कागदात बघितलं, पुन्हा वाचला. "ताई, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर किती सांगितलं होतं?" बायकोनं सांगितलं. "मग हे कसं? तीन-चार दिवसांत इतकं जात नाही." "तुमचा काटा चुकत असेल," बायको डोळे मिटूनच म्हणाली. आवाज कागदासारखा झाला होता. "यांना बघू दे. यांना कळतं." डॉक्टर आले, तेच, खुर्चीच्या गोष्टीवर हसलेले. त्यांनी त्याला बाजूला घेतलं नाही, तिथेच विचारलं. "हे बघा, सलाईन आणि औषधं वजनावर ठरवायची आहेत. आणि हा आकडा खरा असेल तर यांचं उतरणं कधी थांबलंच नव्हतं, आणि मी डोस वाढवला तो चुकीचा होता. तुम्ही या कामातले आहात. कुठला काटा खरा?"

तो खुर्चीपाशी वाकला. वाकायची गरज नव्हती. खालची पट्टी बघितली, तार बघितली, आकड्यांच्या काचेवरून बोट फिरवलं. बायकोनं डोळे उघडले होते आणि ती त्याच्याकडे बघत होती, निवांत, आता सगळं नीट होईल अशा नजरेनं. कुणीतरी काटेवाल्याला विचारलं होतं. त्याला वाटलं, म्हणावं, दोन्ही खोटे आहेत. म्हणावं, घरचा झिजला होता. झिजतात. कुणाचंही तोंड न बघता त्यानं हजारो लोकांना हे वाक्य दिलं होतं, बिघडला होता म्हणून. स्वतःसाठी एकदा घेतलं तर? पण ज्या सुईतून थेंब पडणार होते ती सुई परिचारिकेच्या हातात होती आणि ती थांबली होती.

"हा खरा आहे," तो म्हणाला. "घरचा खोटा आहे. मी केलाय."

 डॉक्टरांनी कागदावरचा आकडा खोडला, दुसरा लिहिला आणि परिचारिकेला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. सुई लागली. थेंब सुरू झाले. पडदा ओढून ती दोघं निघून गेली, आणि पडद्याच्या आत पलंग, खुर्ची आणि ते नवराबायको उरले. बायको वर लटकणाऱ्या पिशवीकडे बघत होती.  बाहेर कुणाची तरी गाडी घरंगळत गेली, दूर कुणी खोकलं. दादा निघालाय असा निरोप आला होता. तो आला तर बरं होईल असं त्याला वाटलं आणि तो येऊच नये असंही वाटलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं.

"म्हणजे मी रडत होते तेव्हा."

"हो."

"पाय चेपत होतात तेव्हा."

"हो."

 त्याला वाटलं, आता ती का म्हणून विचारील, आणि ते विचारलं की तो सगळं सांगून टाकेल; भूक, पिवळं, चढ, सगळं. त्यानं मनात जुळवाजुळव केली. आपल्याला किती दुखलं ते ऐकल्यावर ही बाई, ही मऊ मनाची बाई, कदाचित. पण तिनं ते विचारलं नाही.

"आणि तुमचं? तुम्ही त्यावर कधी उभे राहिलेले दिसला नाहीत इतक्यात. तुमचं वजन कुठे बघत होतात?"

तो खाली बघत होता. फरशी धुतलेली होती, कोपऱ्यात थोडं पाणी राहिलं होतं.

"दुकानात," तो म्हणाला. "खऱ्या काट्यावर."

तिनं मान हलवली, एखादा पत्ता विचारून मिळाल्यावर हलवावी तशी. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. परिचारिका आत आली, पलंगाच्या टेबलावर एक वाटी ठेवून गेली. "ताई, जमलं तर दोन चमचे घ्या." वाफ येत होती. पातळ सूप होतं, गाजराचे बारीक तुकडे आणि वरती चरबीचे एकदोन ठिपके, तरंगत, एकमेकांना चिकटत. सकाळपासून धावपळीत त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. त्यानं वाटीकडे पाहायचं नाही असं ठरवलं, आणि वास आला, आणि जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं, त्याला विचारल्याशिवाय.

"माझ्या घशाखाली जायचं नाही," बायको भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला धरायला काही मिळालं असतं. "तुम्ही प्या ते. निवेल. तुम्हाला भूक लागली असेल."

 थेंब पडत होते. मग त्यानं वाटी उचलली, दोन्ही हातांत धरली आणि आवाज होणार नाही इतक्या हळू प्यायला लागला, तळाचे गाजराचे तुकडे बोटानं ओढून घेत, शेवटपर्यंत. मीठ अगदी बेताचं पडलं होतं.